फोटो दाखवणारा हलका प्रोग्राम

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात माझी एकतीस वर्षं गेली. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर आधी गमतीच आठवल्या. संगमनेरच्या एका कचेरीत खंडेनवमीला संगणकाची पूजा झाली आणि हळदकुंकू थेट फ्लॉपीच्या फटीतून आत वाहिलं गेलं. मी ड्राइव्ह उघडून ब्रशने झाडायला लागले, तर मोठे साहेब हळूच म्हणाले, "बाई, खाली कागद धरा. देवाचं आहे, पायदळी नको." असल्या गोष्टी मी लग्नाच्या पंगतीत सांगते, लोक हसतात. पुढे लिहिलंय ते मात्र पंगतीत सांगण्यासारखं नाही. ते मी घरातही फक्त एकदाच सांगितलं आहे.

माझं दुकान नगरच्या केडगावला, पुणे रस्त्याला लागून. बिघडलेले संगणक दुरुस्त करायचे, जुन्या सुट्या भागांतून एखादा नवा उभा करायचा, कचेऱ्यांची वर्षभराची देखभाल घ्यायची, असं काम. त्या काळात नगरमध्ये या धंद्यात दुसरी बाई मी तरी पाहिली नाही. दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक इकडेतिकडे बघून विचारायचं, "इंजिनिअर कुठंयत?" मी म्हणायची, "बसा, येतीलच," आणि त्याच्यासमोरच स्क्रू काढायला घ्यायची. दहा मिनिटांनी त्याच्या लक्षात यायचं.

गाडेकर काका असेच एकदा आले, पण त्यांनी इंजिनिअरची चौकशी केली नाही. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, अंगाने काटक. नोकरीत त्यांनी रुळांवर आलेली माणसं पाहिली होती, आणि त्यांतल्या कितीजणांना कुणी न्यायलाच येत नाही हेही पाहिलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी चार माणसं जमवून एक संस्था काढली. बेवारस प्रेताची पोलिसांची मुदत संपली आणि कुणी आलं नाही, की प्रेत संस्थेच्या ताब्यात मिळायचं. मग ही मंडळी त्याला अमरधामला नेऊन अग्नी द्यायची. कोण कुठला, कुठल्या धर्माचा, काहीच माहीत नसायचं. म्हणून काका रामरक्षा म्हणत, फोटो काढणारे सत्तारभाई फातिहा पढत, आणि पुढे मी जायला लागल्यावर मी आमच्या घरची बुद्धवंदना म्हणायची. तिन्हीतलं एखादं त्या माणसाचं असेल, असं काका म्हणत.

सत्तारभाईंचा बाजारात स्टुडिओ होता. प्रत्येक प्रेताचा अग्नीआधी ते फोटो काढायचे, रोलवर, व्यवस्थित उजेड घेऊन. त्या फोटोंचे आल्बम संस्थेच्या खोलीत होते. कुणी हरवलेलं माणूस शोधत आलं की काका आल्बम पुढे ठेवत. अडचण तिथेच होती. आपलं एक माणूस शोधायला आलेला तीसचाळीस मेलेली माणसं बघून जायचा. एक बाई तिसऱ्याच पानावर चक्कर येऊन पडली होती. तिचा मुलगा आल्बममध्ये नव्हताच.

"सुनंदा," काका मला म्हणाले, "एकांनी जुना संगणक दिलाय. त्याच्यावर असं काहीतरी कर, की बाई की पुरुष, वय साधारण किती, कधी सापडलं, एवढं विचारून जेवढे जुळतील तेवढेच फोटो दाखवायचे. तेही एका वेळी एकच. शेजारचा मेलेला दिसता कामा नये."

संगणक अगदीच म्हातारा होता. मेमरी आठ एमबी. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये याच्या हजारपट असते. त्या दिवसांत त्याच्यावर विंडोज चालायचं, पण दमेकऱ्याने जिना चढावा तसं. मी तेव्हा विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सच्या नादाला नुकतीच लागले होते. एका इंग्रजी मासिकाबरोबर त्याची सीडी मोफत यायची. विकत घ्यायला नको, आणि नको असलेला प्रत्येक भाग काढून टाकता येतो, हे मला फार आवडायचं. दोन रविवार खपून मी त्या म्हाताऱ्याला लिनक्सवर उभा केला. तीन प्रश्न विचारून फोटो निवडणारा छोटा प्रोग्राम मीच लिहिला. सत्तारभाईंचे फोटो दुकानातल्या चांगल्या संगणकावर एकेक करून स्कॅन केले. आल्बम काकांनी कपाटात घालून कुलूप लावलं.

राहिला होता तो फोटो प्रत्यक्ष पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम. बाहेरच्या माणसाला वाटतं फोटो उघडला की दिसतो, त्यात काय. पण फाइलमध्ये फोटो घडी घालून ठेवलेला असतो. ती घडी उलगडायची, पडद्याच्या मापाचा करायचा, रंग लावायचे, हे काम कुणीतरी करावं लागतं. लिनक्सवर हे काम करणारे प्रोग्राम बरेच होते आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. माझ्या सीडीवर तीन होते.

पहिला दिसायला देखणा. पण तो उघडल्या उघडल्या सगळे फोटो छोटे छोटे करून ओळीने मांडायचा. म्हणजे पुन्हा आल्बमच. तो मी त्याच दिवशी काढून टाकला. दुसरा मोठा आणि काटेकोर होता. फोटो उत्तम दाखवायचा, पण आमच्या संगणकावर एकेका फोटोला मिनिट-दीड मिनिट घ्यायचा, आणि वरून खाली एकेक रेघ काढत यायचा. तिसरा अगदी इवलासा, एका फ्लॉपीत मावेल एवढा. मेनू नाही, बटणं नाहीत. पाच सेकंद पडदा काळा राहायचा आणि मग अख्खा फोटो एकदम समोर.

मी आधी दुसरा बसवला. फोटो चांगला दिसला पाहिजे, बाकी मिनिटभर थांबायला काय हरकत आहे, असं मला वाटलं.

हरकत काय होती ते पंधरा दिवसांत कळलं. संगमनेरकडच्या एक बाई दिरासोबत आल्या. नवरा तीन आठवड्यांपासून घरी आलेला नव्हता. मी प्रश्न विचारले, एकच फोटो जुळला. बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर, दीर मागे उभा. फोटो यायला लागला. आधी वरची पांढरी चादर. मग केस. मग कपाळ, आणि कपाळावर डावीकडे जुन्या जखमेचा व्रण. बाईंनी टेबलाची कड धरली. त्यांना तिथेच कळलं होतं. पण फोटो थांबेना. भुवया आल्या, डोळे आले, एकेक रेघ करत चेहरा खाली उतरतच होता.

"बंद करा," बाई म्हणाल्या. "ताई, बंद करा ना. कळलंय मला."

मी कळा दाबत होते. संगणक फोटो काढण्यात इतका गुंतला होता, की माझं ऐकायला त्याला सवड नव्हती. नाक आलं. नाकाच्या खाली काय झालं होतं ते मला माहीत होतं, कारण फोटो मीच स्कॅन केला होता. मी पडद्यावर हात ठेवला. हात पुरेना, तेव्हा वाकून मॉनिटरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला तरी आतली डिस्क कुरकुरतच राहिली.

बाई गेल्यावर काका एवढंच म्हणाले, "सुनंदा, हे असं चालायचं नाही."

मी त्याच दुपारी तिसरा प्रोग्राम बसवला. त्याला फोटो पूर्ण तयार होईपर्यंत काहीच दाखवायचं माहीत नव्हतं, आणि एक कळ दाबताच तो नाहीसा व्हायचा. स्पेसबार दाबला की पुढचा फोटो आणायची त्याची सवय होती, ती मी बंद केली. मग माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नातला एक फोटो उघडून पाहिला. चेहरे लगेच ओळखू आले. रंग मात्र फिके, थोडे मातकट वाटले. बहिणीचा शालू डाळिंबी होता तो विटकरी दिसत होता.

ते मला दिसलं होतं. कारणही माहीत होतं. त्या जुन्या संगणकाच्या पडद्याला एका वेळी दोनशे छप्पन्न रंगच जमायचे, आणि त्यातले कितीतरी आधीच दुसऱ्या कामाला लागलेले असायचे. मोठा प्रोग्राम उरलेल्या रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी पेरून खऱ्या रंगाचा भास निर्माण करायचा. त्यालाच तो वेळ लागायचा. हलका प्रोग्राम ती मेहनत घेत नसे. खऱ्या रंगाच्या जवळपासचा जो मिळेल तो एकच रंग सरसकट सारवून मोकळा व्हायचा. मी मनाशी म्हटलं, माणसं चेहरा ओळखायला येतात, शालू ओळखायला नाही. आणि समाधानाने घरी गेले. चांगली निवड केली असंच मला वाटत होतं.

दत्तू आला तो त्यानंतर काही महिन्यांनी, उन्हाळ्याच्या तोंडावर. देवळाली प्रवराचा. दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, वय पस्तिशीचं. बरोबर बायको मंगल. दत्तूची आई ठकूबाई घरातून निघून गेली होती. तिला वर्षभर विसरायला होत होतं. चुलीवर दूध ठेवून दारात जाऊन बसायची, नातवाला दत्तू म्हणायची. एका सकाळी मंगल पाण्याला गेली तेवढ्यात ती बाहेर पडली. कुणीतरी तिला नगरच्या एसटीत चढताना पाहिलं होतं. पुढे पत्ता नाही.

"काय नेसली होती?" काकांनी विचारलं.

"मोरपंखी लुगडं," मंगल म्हणाली. "म्याच आनलं हुतं बाजारातून. तेवढंच नेसायच्या, धुवायला बी काढू द्येत नव्हत्या. बारीक पिवळा काठ हाय त्याला."

"आनि डाव्या हातावर गोंदान हाय," दत्तू म्हणाला. "तुळस. मनगटाच्या वर."

जुळणारा फोटो एकच निघाला. केडगावच्या पुढे रस्त्याच्या कडेला सापडलेली म्हातारी. गाडीने उडवलेली. चेहऱ्यावरून काही सांगता येण्यासारखं राहिलं नव्हतं. मी दत्तूला तसं आधी सांगितलं. तो म्हणाला, "दाखवा."

पाच सेकंद काळा पडदा, मग फोटो. दत्तूने चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली नेली. लुगड्याकडे, मग हाताकडे. बराच वेळ पाहत राहिला. मी मनात म्हणत होते, चांगलं आहे, एकदम आलं, रेघारेघांनी आलं नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "हे करडं लुगडं हाय. अन् हातावं काय बी न्हाई."

मंगलही वाकली. "न्हाई, आत्याबाई न्हाईत ह्या."

दोघांच्या तोंडावर एकदम उजेड आला. दत्तूने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. निघताना आईचा रेशनकार्डासाठी काढलेला छोटा फोटो त्याने काकांकडे ठेवला, पाठीमागे स्वतःचा पत्ता लिहून. "कुटं कळलं तर सांगा," म्हणाला. जिना उतरताना तो मंगलला म्हणत होता, "बाला सांगू, ती हाय म्हनून. कुटंतरी हाय." बा म्हणजे त्याचे वडील.

त्या म्हातारीच्या अस्थी प्रवरासंगमला कधीच सोडल्या गेल्या होत्या. फोटोची नोंद "ओळख पटली नाही" अशीच राहिली.

दसऱ्याच्या आसपास सत्तारभाई संस्थेत आले. त्यांच्या स्टुडिओत पाणी शिरलं होतं आणि काही निगेटिव्ह खराब झाल्या होत्या. कुठले फोटो संगणकावर शाबूत आहेत ते त्यांना पाहायचं होतं. मी एकेक उघडत होते, ते मान डोलावत होते. एका फोटोवर ते थांबले.

"मॅडम, हा माझा फोटो नाही."

"तुमचाच आहे. नंबर तुमच्याच अक्षरात आहे मागे."

"फ्रेम माझी आहे, रंग माझा नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "ती बाई मला चांगली आठवते. चेहऱ्याचं काही उरलं नव्हतं, म्हणून मी मुद्दाम लुगड्यावर उजेड घेतला होता. कुणाला ओळख पटली तर त्याच्यावरूनच पटेल म्हणून. मोरपंखी होतं ते. हे करडं कुठून आलं?"

काकांकडून कपाटाची किल्ली घेतली, आल्बम काढला. सत्तारभाईंनी काढलेला तो कागदावरचा फोटो. मोरपंखी लुगडं, पिवळा काठ. आणि डाव्या मनगटाच्या वर, सावळ्या कातडीवर हिरवट रेघांची तुळस. पडद्यावर तो सगळा हात एकाच तपकिरी रंगाने सारवला गेला होता. रेघा त्याच्याखाली नाहीशा झाल्या होत्या.

कागदावरचा फोटो दत्तूला का दाखवला नाही, असं आज कुणीही विचारेल. पडद्यावरचं आणि कागदावरचं एकच, असं आम्ही तिघांनीही धरून चाललो होतो. पोलिसांच्या कागदात गोंदणाचा उल्लेख असेलही, आमच्याकडे तो कागद येत नसे. आणि स्कॅन करताना खरे रंग माझ्या डोळ्यांखालून गेले होतेच, पण तेव्हा मी एका दिवसात साठसत्तर फोटो उरकत होते.

दुसऱ्या दिवशी काका आणि मी एसटीने देवळालीला गेलो. तो फोटो मी पाकिटात घालून पर्समध्ये ठेवला होता. वाटेत काका म्हणाले, "बोलायचं मी बोलतो." मी म्हटलं, "नाही काका. मीच बोलते."

दत्तूचं घर गावाच्या टोकाला, दोन खोल्यांचं. मंगलने ओळखलं आणि ती दारातच थबकली. मग आत बोलावून पाणी दिलं. भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो होता, त्याला हार घातलेला होता. मी त्याच्याकडे पाहतेय हे बघून दत्तू म्हणाला, "बा. मागल्या म्हैन्यात ग्येला." पुढचं मंगलने सांगितलं. म्हातारा रोज सकाळी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचा. दुपारी जेवायला म्हणून उठवावं लागायचं. पावसातही जायचा. एक दिवस तापाने फणफणून घरी आणला तो पुन्हा उठला नाही. शेवटपर्यंत विचारत होता, नगरची गाडी आली का.

"अन् ह्यांनी लाइन बदलून घेतली," ती म्हणाली. "धुळ्याची, सोलापूरची. वाटंनं कुटं म्हातारं मानूस दिसलं की टँकर हुबा करायचा अन् बघून यायचं. मालकाचं बोलनं खायचं."

मी पाकीट काढून दत्तूच्या हातात दिलं. त्याने फोटो पाहिला. मंगलने त्याच्या खांद्यावरून पाहिला आणि तोंडाला पदर लावून खाली बसली.

"व्हय," दत्तू म्हणाला. "आई हाय."

मग त्याने विचारलं, "ह्यो फोटो कुटला?"

"तुम्ही बघितलात तोच," मी म्हटलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. "म्या बघितला त्यो?"

मी सांगायला लागले. पडदा, दोनशे छप्पन्न रंग, हलका प्रोग्राम, जड प्रोग्राम. घाबरलं माणूस फार बोलतं, तशी बोलत होते. तो ऐकत होता की नाही मला कळत नव्हतं. मध्येच त्याने हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या ताई. तुमी मला बरं वाटावं म्हनून सांगताय." तो भिंतीला टेकला. "मला सोत्ताची आई वळखू आली न्हाई. तोंडाकडं बगायचंच धाडस झालं न्हाई माजं. मला न्हाईच म्हनायचं हुतं, म्हनून न्हाई म्हनलो."

"नाही हो दत्तू भाऊ, चूक माझी आहे. तुम्ही बरोबर बघितलंत. तुम्हाला दाखवलंच चुकीचं."

"मशीन कसं चुकंल? जे हाय ते दाखवनार." तो भिंतीवरच्या फोटोकडे वळला. "बा बसत हुता थांब्यावर. म्या न्हाई म्हनलो म्हनून बसत हुता."

काकांनी माझ्या दंडाला धरून मला उठवलं. मंगलने चहा टाकला होता, तो आम्ही कसाबसा घेतला आणि निघालो. परतीच्या गाडीत काका डोळे मिटून बसले होते. मी त्यांना म्हटलं, "काका, तो स्वतःला दोष देत राहील. जन्मभर." काका म्हणाले, "मग त्याला दाखव. तुझ्या शब्दांवर त्याचा विश्वास नाही. डोळ्यांवर बसेल."

मी पत्र टाकलं. आला नाही. दुसरं टाकलं. दिवाळीनंतर एकदा टँकर रस्त्याला लावून तो एकटाच जिना चढून आला. बसला नाही. मी कागदावरचा फोटो मॉनिटरला टेकवून उभा केला आणि शेजारी पडद्यावर तोच उघडला, हलक्या प्रोग्राममध्ये. पाच सेकंद काळा पडदा, मग करडं लुगडं. त्याला लागून कागदावर मोरपंखी.

तो वाकला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. पडद्यावरच्या हातावर बोट ठेवलं, मग कागदावरच्या तुळशीवर.

मी जुना, मोठा प्रोग्राम चालू केला. रेघ रेघ करत फोटो खाली यायला लागला. दीड मिनिट लागलं. लुगडं आलं तेव्हा ते हिरव्यानिळ्या ठिपक्यांचं होतं, पण मोरपंखी होतं. हातावर पुसट का होईना, हिरवं काहीतरी होतं.

"हे हुतं तुमच्याकडं?" त्याने विचारलं. "तवाच हुतं?"

"हो."

"मंग ते का लावलं न्हाई?"

"वेळ लागतो त्याला. बघणाऱ्याला त्रास होतो म्हणून..."

"तरास?" आणि मग तो ओरडला. इतका वेळ इतक्या हळू बोलणारा माणूस, त्याचा आवाज खालच्या दुकानांपर्यंत गेला असणार. दीड मिनटाचा तरास वाचवला तुमी माजा? आठ म्हैने म्या रस्त्यानं भिकारी हुडकत फिरलो, बा पावसात बसून मेला, आनि तुमी माजं दीड मिनिट वाचवलं? तुमाला कुनी सांगितलं हुतं? आणखी बरंच बोलला, ते इथे लिहीत नाही. काका पुढे व्हायला लागले, मी त्यांना हाताने थांबवलं. मी उभी राहून सगळं ऐकून घेतलं. त्याच्या घरी गेलो होतो त्या दिवशी तो मला माफ करून मोकळा झाला होता, आणि ते मला सोसलं नव्हतं. हे सोसता येण्यासारखं होतं.

ओरडून झाल्यावर तो खुर्चीवर बसला. पाणी मागितलं. आईला अग्नी कुणी दिला, काय म्हटलं, अस्थी कुठे सोडल्या, ते सगळं काकांना विचारून घेतलं. प्रवरासंगम म्हटल्यावर मान हलवली. कागदावरचा फोटो खिशात घालून उठला आणि जाताना पडद्याकडे बोट करून मला म्हणाला, "ते काढून टाका. म्होरं काढा माज्या."

मी त्याच्यासमोर काढला. एका ओळीचा हुकूम आणि एक कळ, इतकंच काम होतं.

त्यानंतर आम्ही कुणालाही पडद्यावर ओळख पटवायला लावली नाही. संगणक फक्त नंबर शोधायला ठेवला. तो नंबर पाहून काका कपाटातून तेवढाच एक फोटो काढत आणि माणसाच्या हातात देत. हे आम्हाला पहिल्याच दिवशी करता आलं असतं. दत्तू पुन्हा आला नाही. मंगलचं एक पोस्टकार्ड आलं होतं, त्याने जुनी लाइन परत घेतल्याचं.

पुढचा महिनाभर मी एकच काम करत होते. हलका प्रोग्राम बसवल्यापासून कोण कोण येऊन फोटो बघून गेलं, ते हुडकायचं. काकांची वही घेऊन बसले. ज्यांनी "हो" म्हटलं त्या सगळ्यांची नावं, पत्ते, सह्या व्यवस्थित होत्या. कागदपत्रांसाठी ते लागायचं. ज्यांनी "नाही" म्हटलं त्यांचं काहीच नव्हतं. कशाला ठेवणार? त्यांचं आमच्याकडे काम उरलेलं नसायचं. दत्तूने तो रेशनकार्डाचा फोटो ठेवला होता म्हणून तो तरी सापडला. बाकीचे किती होते, तेही मला नक्की सांगता येत नाही. सगळ्यांनाच चुकीचं दिसलं असेल असं नाही. बहुतेकांचं माणूस खरोखरच आमच्या फोटोंत नसेल. पण कुणाचं होतं आणि कुणाचं नव्हतं, हे आता कोण सांगणार?

मला काही जण आठवतात. जिना उतरताना सगळे एकसारखेच दिसायचे, आले त्यापेक्षा हलके होऊन जाणारे. पारनेरकडची एक बाई होती. नवरा शोधत आली होती. मी एक फोटो दाखवला, कुठला ते आता आठवत नाही, चेहरा असाच ओळखण्यापलीकडचा. तिने पडद्यावरच्या करड्या सदऱ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, न्हाई, त्येंचा सदरा निळा हुता. मग खाली गेली आणि टपरीवरून आम्हा तिघांना चहा पाठवला, फोटो तिच्या नवऱ्याचा नव्हता म्हणून. मी तो प्यायले.